माकडटोपी ते माकडहाड

दोन्ही पाय एकाच फळीला जखडून बर्फाच्या उतारावरून आडव्या अंगाने घसरत जाण्याच्या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात, आणि त्यात नवशिक्याचा पहिला दिवस घसरण्यापेक्षा बसण्यातच अधिक जातो, हे संरक्षक साहित्याचा विचार करताना प्रारंभीच मान्य केलेले बरे. गुलमर्गच्या उतारावर नशीब अजमावणारा मराठी पर्यटक घरून माकडटोपी न विसरता आणतो. पाठीच्या कण्याचे शेवटचे टोक, म्हणजे माकडहाड, त्याच्या यादीत कोठेच नसते, वस्तुतः या दोन माकडांपैकी बर्फाशी पहिली गाठ पडते ती दुसऱ्याची.

या पतनाचे मूळ खेळाच्या इतिहासातही सापडते. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मस्केगन येथे शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे केले. ‘स्नर्फर’ या नावाने ते बाजारात आले तेव्हा त्याच्या नाकाला धरावयास दोरी असे. पुढे बूट फळीला आवळणारे पट्टे, म्हणजे बाइंडिंग, आले, दोरी गेली आणि १९९८ मध्ये नागानो येथे खेळ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. या साऱ्या प्रगतीत हात तेवढे बेकार झाले, आणि तोल जाताच बेकार हात जमिनीकडे धाव घेतात. स्कीचे बाइंडिंग जोराच्या हिसक्याने सुटते, स्नोबोर्डचे सहसा सुटत नाही. त्यामुळे पाय पुढे टाकून सावरण्याची सोय नसते आणि सगळा भार पसरलेल्या तळव्यावर येऊन मनगट मागे दुमडते. ‘हात दाखवून अवलक्षण’ या म्हणीचे इतके शब्दशः प्रात्यक्षिक अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

म्हणून खरेदीचा आरंभ मनगटरक्षकापासून करावा. त्यातील ताठ पट्टी मनगटाला मर्यादेपलीकडे वळू देत नाही आणि तळव्याखालची गादी धक्का पसरवते. स्नोबोर्डिंगच्या मनगटरक्षकांसाठी आयएसओ २०३२० हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकही २०२० मध्ये निघाले आहे. हातमोजे मात्र त्यानंतरच घ्यावेत, कारण आधी घेतलेल्या मोज्यात रक्षकासह हात कोंबण्याचा प्रयोग मनगटाला उतारापेक्षाही कष्टदायक ठरतो.

हेल्मेटबाबत सहसा वाद होत नाही, पण त्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. उताराकडे पाठ करून घसरताना फळीची दरीकडची कड बर्फात रुतली, की माणूस क्षणार्धात मागे फेकला जाऊन डोक्याच्या मागच्या भागावर आपटतो. ‘पडलो तरी नाक वर’ हे येथे शरीरशास्त्रीय सत्य होय. ईएन १०७७ या युरोपीय मानकातील ‘अ’ वर्गाचे हेल्मेट ‘ब’ वर्गापेक्षा डोक्याचा अधिक भाग झाकते. बहुतेक हेल्मेटांत आतून थर्मोकोलच्याच जातीचा फेस असतो, जो एकदा चेपून धक्का पोटात घेतो आणि पुन्हा फुगत नाही. म्हणून जबर आपटलेले हेल्मेट वरून कितीही लखलखीत असले तरी बाद समजावे. भाड्याचे हेल्मेट याबाबतीत आपला पूर्वेतिहास सांगत नाही. त्याखाली जाड माकडटोपी घातल्यास ते डोक्यावर नीट बसत नाही, तेव्हा तिला या एका प्रसंगी तरी रजा द्यावी.

राहिली गादीची चड्डी. माकडहाडावर आणि दोन्ही कुल्ल्यांवर फेसाचे जाड तुकडे शिवलेले हे वस्त्र विजारीच्या आत घालतात, आणि ते घातलेला सडपातळ तरुणही बाजूने पाहिल्यास बदकाच्या कुळातला वाटतो. त्यामुळे ती विकत घेऊनही हॉटेलातच ठेवून येणारे महाभाग असतात. गुडघ्यांना पॅड बांधले तर उत्तमच.

प्रत्यक्षात दुकानातील सर्वाधिक वेळ जातो तो गॉगलची काच निळी घ्यावी की नारिंगी यात. गॉगल आवश्यकच आहे, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकू शकतो आणि उघडे डोळे त्याने अक्षरशः भाजतात. परंतु त्याच्या निवडीतील ही आस्था डोळ्यांपेक्षा छायाचित्राच्या काळजीने आलेली असते, कारण मनगटरक्षक मोज्यात दडतो, चड्डी विजारीत दडते आणि फोटोत उठून दिसतो तो एकटा गॉगल. संध्याकाळी साऱ्या कुटुंबाने शेकोटीभोवती बसून कहवा पितानाचे जे छायाचित्र निघते, त्यात एकच सदस्य भिंतीला टेकून उभा का आहे, याचा खुलासा त्या गॉगलवरून होत नाही.