सोर्सकर

प्रत्येक ऑफिसात एक सोर्सकर असतो. कागदोपत्री तो कुलकर्णी असेल नाहीतर गायकवाड, पण एकदा लिनक्सच्या नादाला लागला की सोर्सकरच. तयार मिळालेली कुठलीही वस्तू त्याला पचत नाही.

आमच्या सोर्सकरच्या डोक्यात सध्या डन्स्ट आहे. डन्स्ट म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यात 'मेल आली', 'बॅटरी संपत आली' असे चौकोन दाखवणारा प्रोग्राम. सी भाषेत लिहिलेला, अंगाने हलका. डेबियनवर 'एपीटी इन्स्टॉल डन्स्ट' म्हटलं की चहाला उकळी यायच्या आत बसतो. हे मी त्याला सुचवलं मात्र, त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू होळीच्या दिवशी मी त्याच्या आईसमोर पाकिटातली पुरणपोळी ठेवली होती.

"ते जुनं व्हर्जन असतं रे."

"नव्यात काय आहे?"

"ते बघायचंय अजून."

मग सोर्स उतरवून प्रोग्राम स्वतःच बांधायला घेतो. बांधणीचा पहिला 'मेक' सुरू होताच आपटतो. प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती डी-बस सापडत नाही. म्हणजे लायब्ररी मशीनवर आहे, पण तिचं 'डेव्ह' पॅकेज नाही. ते आणलं की पँगोचं डेव्ह नाही, ते आणलं की लिबनोटिफायचं. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता, हा खुलतो. आपण एक्स-इलेव्हनवाले, ती नवी डिस्प्ले-पद्धत वेलँड कशाला हवीय, म्हणून मेकपुढे 'वेलँड=0' असं ठसक्यात लिहितो. शेवटी ओळी सरसर वर सरकू लागतात आणि हा त्या वाचतो! एक मात्र मान्य करायला हवं: रात्री-अपरात्री सर्व्हर बसला की फोन यालाच जातो, कारण एररचा मजकूर शेवटपर्यंत वाचणारा माणूस कंपनीत हा एकटाच.

मग 'सूडो मेक इन्स्टॉल', पासवर्ड, आणि चाचणीसाठी 'नोटिफाय-सेंड'. चौकोन येतो, पण जुनाच! डी-बसवर सूचना घेण्यासाठी एक ठरलेलं नाव असतं आणि ते एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसा हा मामला. डेस्कटॉपबरोबर आलेला सूचनावाला आधी उठून गादीवर बसलेला असतो. त्याला पायउतार करण्यात एक संध्याकाळ जाते.

खरी समाधी लागते ती 'डन्स्टआरसी' ही सेटिंगची फाइल उघडल्यावर. सूचनांच्या तीन पायऱ्या: लो, नॉर्मल, क्रिटिकल. सोबत मिळणाऱ्या फाइलीत पहिल्या दोन 10 सेकंदांत आपणहून जातात. क्रिटिकल मात्र आपण घालवल्याशिवाय हलत नाही. प्रत्येकीचा रंग वेगळा, चौकटीची जाडी, कोपऱ्यापासूनचं अंतर, फॉन्ट, सगळं आपल्या हातात. प्रत्येक बदलानंतर डन्स्टला ही फाइल नव्याने वाचायला लावायची, आणि स्वतःच स्वतःला निरोप पाठवायचा. 'टेस्ट.' 'टेस्ट 2.' 'आता?' 'अजून थोडं डावीकडे.' मध्येच गिटमध्ये नोंद: 'चौकट एक पिक्सेल बारीक केली.'

आई पाणी प्यायला उठली तेव्हा स्क्रीनवर चौकोनांची रीघ लागली होती.

"एवढ्या रात्री कोणाचे मेसेज येतायत रे?"

"माझेच."

माउलीने दुसऱ्याच दिवशी मावशीला फोन करून स्थळं बघायला सांगितलं.

चौकोन मनासारखा झाला तसा नवाच पेच उभा राहिला. आता त्यात खरे निरोपही येऊ लागले! मग सोर्सकरने नियम लिहायला घेतले. ऑफिसचं चॅट 'लो'मध्ये ढकललं. फुलस्क्रीन व्हिडिओ चालू असेल तर सूचनेने बाहेर ताटकळायचं. मॅनेजरसाहेबांसाठी 'स्किप डिस्प्ले' नावाची सोय सापडली: निरोप स्क्रीनवर येतच नाही, परस्पर इतिहासजमा होतो. डन्स्टमध्ये तसा इतिहास खरोखरच असतो, हवा तेव्हा उघडून पाहता येतो. सोर्सकरला तो कधी हवा झालेला नाही.

सोमवारच्या मीटिंगला त्याचाच लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला होता. साहेब तिमाहीचे आकडे समजावत असताना उजव्या कोपऱ्यात लालभडक चौकोन उमटला: बॅटरी 5 टक्के. ती स्क्रिप्टही त्याचीच. सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, चार्जर लाव!"

सोर्सकर उठला, प्रोजेक्टरच्या पडद्यापाशी गेला आणि चौकोनावर बोट ठेवून मला म्हणाला, "कोपरे बघ. गोल आलेत की नाही? कालपर्यंत येत नव्हते."

पडदा काळा झाला.

"थांबा," तो सगळ्यांना धीर देत म्हणाला, "चालू झालं की परत दाखवतो."