पहिली गोधडी: नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन (निरवांगी पद्धत)

छंद म्हणून गोधडी शिवायचं ठरवलंत, चांगलं केलंत. खालच्या सूचना इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या पद्धतीनं दिल्या आहेत. गाव नीरेच्या काठी. नदी ओलांडली की माळशिरस तालुका आणि सोलापूर जिल्हा लागतो, आणि तिकडच्या बायका सांगतील की निरवांगीची पद्धत साफ चुकीची आहे. त्यांचं ऐकू नका. निदान पहिली गोधडी होईपर्यंत तरी.

साहित्य असं: जुनं सुती लुगडं एक, आत घालायला जुनी धडुती मावतील तेवढी, जाड सुती दोरा, लांब सुई, अंगुस्तान, चार धोंडे आणि दोन जाणत्या बायका. सुई-दोरा वालचंदनगरला मिळेल. धोंडे रानात आहेत. लुगडं आणि बायका कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, म्हणून त्यांची कृती सविस्तर देत आहे.

लुगडं घरातल्या थोरल्या बाईच्या ट्रंकेत असतं. ती तुमची सासू असेल, तर ‘आत्या, ते जुनं लुगडं काढता का गोधडीला?’ असं चुकूनही विचारू नका. ‘जुनं’ म्हटलंत की ते लुगडं त्याच क्षणी नवं होतं आणि येत्या लग्नसराईत नेसायचं ठरतं. योग्य रीत अशी: संध्याकाळी ओट्यावर बसावं आणि कोणालाच उद्देशून न बोलता म्हणावं, ‘पोराच्या अंगावरचं पांघरूण पार विरलंय.’ मग गप्प बसावं. दोन दिवसांत ट्रंक आपोआप उघडते. उघडल्यावर प्रत्येक लुगड्याचा इतिहास ऐकावा लागतो. हे कुणाच्या बारशाला घेतलं, ते नेसून कोणत्या साली पंढरपूर केलं, या इरकलीवरून कोणत्या जावेशी अबोला धरला होता. या माहितीचा शिवणकामात काडीचा उपयोग नाही, पण ती ऐकल्याशिवाय माल हाती येत नाही. मध्येच ‘मग हे घेऊ का?’ म्हणणाऱ्या नवशिक्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं.

नऊवारीचा हिशेब सोपा आहे. सव्वादोन वारांचे चार तुकडे पाडायचे. दोन जोडले की खालची बाजू, उरलेले दोन जोडले की वरची. एका लुगड्यात दुहेरी गोधडीची दोन्ही अंगं निघतात. सहावारीचे तीन-तीन वारांचे दोन तुकडे होतात, त्यात एकेरी गोधडी बसते, तीही उंच माणसाची. काठ फेकायचे नाहीत, ते कडेला येतील असं जुळवायचं. गोधडी सगळ्यात आधी कडेला विरते आणि लुगड्याचा काठ सगळ्यात शेवटी, एवढंच त्यामागचं शास्त्र.

सिंथेटिक साडी वापरू नये. ती सुईखालून सरकते, घाम टिपत नाही, आणि उन्हाळ्यात अशा गोधडीवर झोपलेला माणूस पहाटे फरशीवर सापडतो. अडचण अशी की आता घराघरात सुती लुगडी संपत आली आहेत आणि सिंथेटिक साड्यांचे ढीग लागले आहेत. हळदीकुंकवाला मिळालेल्या साड्या तर सगळ्या त्याच. निवडणुकीच्या वर्षात हळदीकुंकवांना भर येतो, त्यामुळे काही घरांत एकाच रंगाच्या साड्या थप्पीनं असतात. त्या आतल्या थरात, दोन सुती कापडांच्या मध्ये दाबून टाकाव्यात. तिथं त्या कुणाला दिसत नाहीत आणि आठवतही नाहीत.

आता पोटातला माल. सदरे, धोतरं, परकर, पोरांच्या शाळेच्या चड्ड्या, फाटक्या चादरी, सगळं चालतं. जीनच्या पँटी चालत नाहीत. त्यांच्या शिवणीवर सुई मोडते आणि मोडलेलं टोक आतच राहतं. बटणं, हुक, चेन काढून घ्याव्यात. बटणं डब्यात टाकावीत. तो डबा पुन्हा कधी उघडला जात नाही, पण तो घरात असावा लागतो. नवऱ्याचा सदरा त्याला विचारून घ्यायचा की न विचारता, यावर निरवांगीत दोन मतं आहेत. विचारलं तर तो म्हणतो, ‘आगं, त्यो रानात घालायचा हाय.’ रानात घालायचे त्याचे सात सदरे आधीच खुंटीला असतात. न विचारता घेतला तर पुढे कधीतरी रात्री गोधडीच्या विरलेल्या जागेतून त्याला स्वतःची कॉलर दिसते आणि विषय निघतो. तोवर पाच-सहा वर्षं गेलेली असतात. माझं मत दुसऱ्या पद्धतीला आहे.

दोन बायकांचं असं आहे. त्यांना ‘या’ म्हणून निरोप धाडायचा नाही. दुपारी जेवणं झाल्यावर, उन्हं कलायच्या आत, रस्त्यावरून दिसेल अशा जागी लुगडं अंथरायचं. ते मुद्दाम थोडं वाकडं अंथरायचं. रानातून येणारी किंवा दळण घेऊन चाललेली कोणीतरी थांबतेच. ‘आगं बाय, आसं आसतंय व्हय?’ म्हणत चप्पल काढून आत येते, तुम्ही ठेवलेले धोंडे उचलते आणि पहिल्यापासून मांडते. ही पहिली बाई. दुसरी तिचा आवाज ऐकून येते. तिसरी बाई आली तर चहा ठेवायला उठावं, कारण आता तुमची गरज राहिलेली नाही.

अंथरण्याचा भाग मात्र नीट पाहा, कारण गोधडी तिथंच बनते किंवा बिघडते. खालचं लुगडं ताणून चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवतात. मग त्यावर धडुती मांडत जायची. बाई उकिडवी बसते, सदऱ्याच्या शिवणी उसवून तो सपाट करते, ठेवते, आणि तळहातानं मधून कडेकडे सारखा करते. दुसरा तुकडा पहिल्यावर बोटभर चढवून. जिथं हाताला खड्डा लागतो तिथं बाही, जिथं उंचवटा लागतो तिथून एक थर काढून घ्यायचा. डोळ्यांनी यातलं काही कळत नाही. ती बघत असते रस्त्याकडे, बोलत असते कुणाच्या तरी सुनेविषयी, आणि हात त्या कापडावर फिरत असतात. मध्येच थांबून त्याच जागी पुन्हा फिरतात, खालची एक चिंधी ओढून बाहेर काढतात, तिकडे सुनेची गोष्ट चालूच. हे लिहून शिकवता येत नाही. मी लिहिलं आहे, तरी येणार नाही.

वरचं लुगडं घातलं, कडा आत मुडपल्या की आधी लांब-लांब कच्चे टाके मारून घ्यावेत. घाईनं हे टाळलंत तर कडेकडून आत शिवत येताना कापडाचा सगळा सैलपणा मधोमध गोळा होतो आणि गोधडीला पोट सुटतं. पोट सुटलेली गोधडी पाहुण्याला देता येत नाही, आणि घरातला माणूस रोज सकाळी तिच्यावरून बोलतो.

मग खरी शिलाई. कडेनं सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत-फिरत मध्याकडे जायचं. धावदोरा. ओळीत अंतर दोन बोटं, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. नवशिक्याचा टाका शेंगदाण्याएवढा येतो. त्याला उत्तर म्हणून जाणती बाई काहीच बोलत नाही, पाय पुढे करते आणि पायाच्या बोटातलं जोडवं तुमच्या टाक्यात अडकवून दाखवते. रात्री झोपेत जोडवं अडकलं की टाका तुटतो, झोप मोडते आणि शिवणारीचं नाव निघतं. मोठ्या टाक्याची ही परीक्षा दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. तुमचे टाके उसवले जातील. उसवणारी बाई तुमच्याकडे बघणार नाही. दोरा मात्र फेकणार नाही, दातानं तोडून गुंडाळून ठेवील.

काही नियम. दिवेलागणीनंतर शेजारीण सुई मागायला आली तर द्यायची नाही. अंगावरचा कपडा अंगावरच शिवायची वेळ आली तर दातात काडी धरायची. का, ते विचारायचं नाही. कारण विचारल्यावर तीन बायका तीन कारणं सांगतात आणि तिन्हींत कुणाचं तरी मरण असतं. अंगुस्तान न घालता शिवणं ही धडाडी नव्हे. दोन तासांनी बोटाला भोक पडतं आणि मग भाकरी थापताना कळतं.

वारीला न्यायची गोधडी वेगळी. तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यातून जाते, बेलवडीला रिंगण होतं, मग निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेचं स्नान. दिंडीच्या ट्रकमध्ये पन्नास वळकट्या एकावर एक पडतात, अंधारात सगळ्या सारख्या. तेव्हा वारीची गोधडी पातळ ठेवा आणि एका कोपऱ्याला, लांबून दिसेल असं, भडक खणाचं ठिगळ लावा. हे ठिगळ शोभेसाठी आहे असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

विणकामाविषयीही विचारणा होते. दोन सुलट, दोन उलट, एवढं आलं की स्वेटर येतो. इकडे थंडी डिसेंबर-जानेवारीत कडाडते आणि बाह्या जोडेपर्यंत शिमगा येतो, तेव्हा नवशिक्यांनी टोपरं विणावं. बाळंतविड्यात ते खपतं. क्रोशाचं तोरण मात्र रुखवतासाठीच करायचं असतं. ते मांडवात एक दिवस मिरवतं, नंतर त्याची घडी कुणी मोडत नाही.

कुणाला वाटेल, गोधडीच्या या चिंध्यांत काय ठेवलंय. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तीही नदीच्याच वळणावर. तिथल्या कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या कृष्णवर्णीय घरांतल्या बायका नवऱ्याच्या कामाच्या विरलेल्या पँटी, पोती, जुने झगे जोडून थंडीसाठी गोधड्या शिवत. 2002 साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. त्या बायका जीनची जाड कापडं शिवत होत्या, हे कबूल करावं लागेल. निरवांगीत हे सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, ‘मग भिताडाला टांगल्यावर आंगावर काय घेत्यात?’ जपानात ‘बोरो’ म्हणून असेच ठिगळावर ठिगळ लावलेले कपडे आता मोठ्या किमतीला विकले जातात. पुण्यातल्या प्रदर्शनांतही हाताची गोधडी चांगल्या भावानं जाते. ती घेणारे तिच्यावर झोपत नाहीत, सोफ्यावर टाकतात. माझी त्याला हरकत नाही. शिवणारीला पैसे मिळत असतील तर त्यांनी ती डोक्यावर घ्यावी.

आता तुम्ही दमला असाल आणि गावात टेम्पो आला असेल. त्यावर मशीन असतं आणि कर्ण्यातून आवाज येतो, जुन्या साड्या आणा, गोधडी शिवून न्या. तासाभरात काम होतं, टीप सरळ येते, कुणाच्या सुनेची गोष्ट ऐकावी लागत नाही. बरीच घरं आता हेच करतात, आणि ज्या बाईला दिवसभर ऊस खुरपून आल्यावर स्वयंपाक करायचा आहे तिनं दुसरं काय करावं? मशीनची गोधडी कडक होते, पहिली दोन-तीन धुणी ती अंगाला धरत नाही, एवढंच. टेम्पोवाल्याला कपडे देताना त्यातून नवऱ्याचा सदरा आधी काढून ठेवा. नवरा कर्ण्याच्या आवाजानं घरातून बाहेर आलेला असतो.

हाताची गोधडी पुरी झाली असेल तर धुण्याची सूचना. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघतं, तशी तीही निघेल. कोरडी गोधडी एका हातानं उचलते म्हणून फसू नका. पाण्यात बुडवली की तिच्या पोटातले सगळे सदरे, धोतरं आणि हळदीकुंकवाच्या साड्या पाणी पितात आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आणि उलट्या बाजूंनी पिळायचं. यात जिची पकड सुटते ती मागे पाण्यात बसते. दर वर्षी कुणीतरी बसतंच, तेव्हा नदीवर जाताना बरोबर कोरडं पातळ न्यावं. वाळत घालायला दोरी चालत नाही, तुटते. काठावरचे धोंडे किंवा बाभळीची झुडपं पाहावीत, काटे बघून.

उरला शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक नवशिक्या दबक्या आवाजात विचारतो: गोधडी वाकडी झाली, एक कोपरा लांब आला, ओळी नागमोडी गेल्या, आता काय? काही नाही. चार-पाच वर्षं घरच्यांनी वापरू द्या. वरचं लुगडं विरलं की तिच्यावर नवं लुगडं चढवायचं असतं. जुनी गोधडी तशीच्या तशी आत जाते, धडुती गोळा करायचा त्रास वाचतो, आणि तुमचे शेंगदाण्याएवढे टाके दोन कापडांच्या मध्ये कायमचे बंद होतात. फक्त तेव्हा लुगडं अंथरायला रस्त्यावरून दिसेल अशी जागा पुन्हा शोधावी लागेल, आणि या खेपेला ते मुद्दाम वाकडं अंथरायची गरज पडणार नाही अशी आशा असली, तरी अंथरावंच.