काठाला काठ

आमची सोसायटी अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरच्या पत्रात 'जागा रिकामी करून ताबा द्यावा' असं होतं. ह्यांनी ते मोठ्याने वाचलं, घडी घातली आणि काही न बोलता दिवाणाकडे बघितलं. संसाराला तीस वर्षं झाली की अशा बघण्यात अख्खं भाषण मावतं.

दिवाणात कागद होते. माळ्यावर कागद होते. फ्रिजच्या मागे कार्डशीटचे ताव उभे होते, पाहुण्यांच्या गादीखाली हातकागद सपाट होत पडला होता, आणि शिलाई मशीनच्या खणात पतंगी कागदाच्या सुरळ्या होत्या. मशीन कधीच देऊन टाकलं, खण तेवढा ठेवला. पंचवीस वर्षं मी कागदकामाचे वर्ग घेतले. "वहिनी काय करतात?" असं कुणी विचारलं की हे गंभीर चेहऱ्याने सांगतात, "कागदोपत्री बरंच काही करते."

सुरुवात झाली ती दुसऱ्याच्या तापामुळे. 1998चा मे महिना. लेकीला सुट्टीतल्या छंदवर्गाला सोडायला गेले होते. चित्रकलेचे सर आजारी, समोर बत्तीस मुलं आणि संचालिकाबाईंच्या चेहऱ्यावर संकटकाळ. "तासभर बसता का यांच्याजवळ?" मला तीन वस्तू येत होत्या: होडी, टोपी आणि फटाका. होडी-टोपीत वीस मिनिटं गेली. उरलेली चाळीस मिनिटं फटाक्याची. वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानाचा फटाका करून हात झटकला की काय आवाज होतो ते ज्याने केलंय त्याला ठाऊक. असे बत्तीस एकदम. शेजारच्या इमारतीतले एक आजोबा बनियनवर गॅलरीत आले, आणि काय झालं ते कळल्यावर त्यांनीही एक पान मागितलं. दुसऱ्या दिवशी सर बरे होऊन आले, पण मुलांनी 'फटाकेवाल्या बाई' मागितल्या.

फटाक्यांवर फार दिवस निघेनात. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जपानी ओरिगामीचं पुस्तक सापडलं. मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. तुटक रेघ म्हणजे आत दुमडा, रेघ-टिंब-रेघ म्हणजे मागे दुमडा, बाण जाईल तिकडे कागद न्या. ही खुणांची लिपी अकिरा योशिझावांची. त्यांच्या 1954च्या पुस्तकातून ती लोकांपुढे आली आणि आता जगभरची पुस्तकं तीच वापरतात. हा मनुष्य तरुणपणी कारखान्यात होता. हाताखालच्या पोरांना भूमिती समजावी म्हणून कागद दुमडून दाखवायचा. मग नोकरी सोडून कागदाच्याच मागे लागला आणि पोटासाठी दारोदार त्सुकुदानी विकत हिंडला. त्सुकुदानी म्हणजे मासळी किंवा समुद्रशेवाळ आटवून केलेलं तोंडीलावणं. आपल्याकडे लोणची-पापड विकतात, त्यातलाच प्रकार. जन्म 14 मार्च 1911, मृत्यू 14 मार्च 2005. जाताना तारखासुद्धा काठाला काठ जुळवून गेले.

काठाला काठ. हे दोन शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारले तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आज माझा मठ असता. काठाला काठ, टोकाला टोक, मग नख फिरवा. मध्यंतरी बँकेच्या रांगेत एका दाढीवाल्या तरुणाने मला निरखून बघितलं आणि एकदम म्हणाला, "काठाला काठ बाई ना?" माझं नाव त्याला आठवेना. मलाही त्याचं आठवत नव्हतं. फिटंफाट झाली.

या दोन शब्दांत शिकवणं संपतं असं मला सुरुवातीला वाटायचं. पण समोर उभं राहून "उजवा कोपरा" म्हटलं की अर्धा वर्ग माझा उजवा घेतो आणि अर्धा स्वतःचा. शेवटी मी मुलांकडे पाठ करून, कागद डोक्यावर धरून शिकवायला लागले. डोंगरघडी आणि दरीघडी हे शब्दही मुलांच्या तोंडी बसेनात. एका पोराने ते सिंहगड आणि खडकवासला असे करून टाकले. "बाई, इथे सिंहगड की खडकवासला?" ही परिभाषा जपानपर्यंत पोचली नाही याची मला हळहळ आहे.

आमच्या घराने या कलेची किंमत 87 मिलिमीटरमध्ये मोजली. ए-फोर कागद 210 बाय 297. ही मापं कुणी सहज म्हणून ठरवलेली नाहीत. लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाइतकं ठेवलं की कागद मधोमध दुमडला तरी अर्ध्याचा आकार तोच राहतो. 1922 साली जर्मनीत हे प्रमाण ठरलं. झेरॉक्सवाल्यांच्या सोयीचं आहे, पण ओरिगामीला चौरस लागतो. चौरस काढला की 87 मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते, आणि एका वर्गामागे अशा दोनदोनशे पट्ट्या. त्या टाकवत नाहीत. वीस वर्षं आमच्या किराण्याच्या याद्या, दूधवाल्याचा हिशोब, "चावी शेजारी आहे"च्या चिठ्ठ्या, सगळं त्या पट्ट्यांवर. सासूबाईंनी तर जप मोजायला त्यांवर उभ्या रेघा मारल्या. लेक परदेशी गेली तेव्हा तिच्या बॅगेत सामानाची यादी होती, लांबलचक, चिंचोळी. तिकडे पोचल्यावर तिने फोन करून सांगितलं, "आई, यादी बघून रडू आलं." मी म्हटलं, "काही राहिलं का?"

पालकांचा प्रश्न ठरलेला: याचा पुढे काय उपयोग? 'पुढे' म्हणजे दहावी. पहिली काही वर्षं मी एकाग्रता, बोटांचे स्नायू वगैरे सांगायचे. मग मला टी. सुंदरराव भेटले, म्हणजे त्यांचं पुस्तक. 1893 साली मद्रासेत छापलेलं, नुसत्या कागदाच्या घड्यांनी भूमिती करून दाखवणारं. फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितीने त्याची दखल घेतली आणि पुस्तक जगभर गेलं. पुस्तकाची कल्पना त्यांना बालवाडीच्या कागदकामावरून सुचली होती, हे वाचून मला फार बरं वाटलं. एकदा शिक्षकांच्या शिबिरात गणिताचे एक ज्येष्ठ गुरुजी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. त्या दिवशी त्यांनी घातलेली ती एकच घडी. मी म्हटलं, पट्टी नाही, कंपास नाही, समभुज त्रिकोण काढायचा. चौरस उभा मधोमध दुमडून उलगडा. आता खालचा उजवा कोपरा उचला आणि त्या मधल्या रेघेवर टेकवा, पण अशा बेताने की नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच निघेल. कोपरा रेघेवर जिथे टेकला तिथे खूण करा, कागद उलगडा आणि ती खूण खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडा. झाला त्रिकोण. गुरुजींच्या हाताची घडी सुटली. कागद घेतला, केला, उलगडला, परत केला. मग हळूच म्हणाले, "एकतीस वर्षं फळ्यावर कंपास धरून खडूच्या भुकटीत उभा होतो हो मी." पालकांना मी पुढे त्यांचाच दाखला द्यायला लागले.

सगळं असं जमत गेलं असं समजू नका. योशिझावांची ओली घडी मला भारी आवडायची: जाड कागद किंचित ओलसर करायचा, दुमडायचा, वाळला की तो आकार धरून बसतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून सुरेख जाड कागद आणला आणि जूनमध्ये, पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर, बारा जणांना हत्ती शिकवले. ते हत्ती वाळलेच नाहीत. आठवड्याभराने एकीने फोन केला, "माझ्या हत्तीला लव आलीय." दिवाळीच्या कंदिलांचं निराळं. कामट्या मी बुरुडाकडून आणायचे आणि खळ घरी शिजवायचे. मैद्यात चिमूटभर मोरचूद टाकलं की कसर लागत नाही. खळ मला उत्तम जमते. व्हाइट सॉसही तसाच जमतो, असं घरच्यांचं मत आहे.

पण सर्वांत जास्त पाणी पाजलं ते करकोच्यांनी. एका शाळेने 6 ऑगस्टच्या हिरोशिमा दिनासाठी हजार करकोच्यांची माळ मागितली. सदाको सासाकीची गोष्ट मुलांना ठाऊक होती: बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची, 1955 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली तेव्हा बारा. हजार करकोचे केले तर इच्छा पुरी होते म्हणून इस्पितळात करत बसायची, कागद मिळेना तेव्हा औषधांच्या वेष्टनांचे. हिरोशिमात 1958 पासून तिचा पुतळा आहे. गोष्ट ऐकून मुलं गप्प झाली, आणि मग कामाला लागल्यावर अजिबात गप्प राहिली नाहीत. पुण्याच्या ऑगस्टमध्ये कागद पापडासारखा सादळतो, घडी धरतच नाही. आमचे करकोचे माना टाकून बसले. काही तर स्पष्टपणे कोंबड्या होत्या. पाचच्या संध्याकाळी मोजणी केली, सातशे चौतीस. रात्री मी, हे, सासूबाई आणि शेजारचं एक इंजिनिअरिंगचं पोर असे दोन वाजेपर्यंत बसलो. ह्यांनी आयुष्यात केलेले एकमेव करकोचे त्या रात्रीचे. एकोणनव्वद. अजून आकडा सांगतात.

मोठ्यांच्या वर्गांत मला वेगळंच कळलं. कंपन्यांतले लोक सूचना पुरी व्हायच्या आत दुमडतात. निवृत्त इंजिनिअर पट्टी मागतात. आणि महिला मंडळातल्या, "आम्हाला काय येतंय आता या वयात" म्हणणाऱ्या बायका पहिल्या झटक्यात सगळं करतात. का करणार नाहीत? रोज सकाळी आरशात न बघता नवारीच्या निऱ्या एकसारख्या घेतलेल्या त्या बोटांनी, उकडीच्या मोदकाला एकवीस कळ्या पाडलेल्या. एका आजींनी पंख्याची घडी बघितली आणि म्हणाल्या, "ह्या निऱ्याच की. तुम्ही पैसे घेता याचे?" मी त्यांचे परत केले.

त्याच सुमारास मला वाण्याची पुडी आठवायला लागली. लहानपणी आमच्या आळीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पावशेर साखर मागितली की पोऱ्या रद्दीचा चौकोन फळीवर टाकायचा, मधोमध साखर ओतायचा, आणि पुढे जे व्हायचं ते दिसायचं नाही. दोन्ही काठ वर, एक गुंडाळी, इकडचं तोंड आत, तिकडचं आत, छताला टांगलेल्या गुंडीतून दोरा सुर्रकन खाली, दोन फेरे, बोटाला हिसका, तट्. डिंक नाही, टाचणी नाही, आणि घरी येईपर्यंत साखरेचा कण सांडायचा नाही. जपानी पुस्तकं पुरी झाल्यावर मी या पुडीची आकृती काढायला बसले. बारा चौकटी आखल्या. सातवीपर्यंत आले. सातवीनंतर 'तोंड आत खोचा' असं लिहिलं की माझी पुडी उकलायची. अंगठा कुठेतरी काहीतरी करायचा आणि ते काय ते मला आठवत नव्हतं. विचारायला गेले तर दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान. पाच चौकटी कोऱ्या राहिल्या त्या राहिल्याच.

तर, रद्दीवाला आला. माझ्याच वयाचा असेल. घोटीव कागद, क्रेप, जुने ताव, पंचवीस वर्षांचे नमुने, सगळं दारात मांडलं. त्याने चमकीचे कागद बोटाने चाचपून बाजूला टाकले. "हे नाय चालत, बाई. पाण्यात विरत नाय." ज्या कागदांवर मी सर्वांत जास्त पैसे घातले ते फुकटसुद्धा नकोत. बाकीचं भरलं 63 किलो. बारा रुपयांनी 756. ह्यांनी मनातल्या मनात गुणाकार पडताळून मान हलवली.

करकोच्यांचं खोकं मी ऐनवेळी परत उचललं. दोन्ही हातांत खोकं, त्यामुळे पैसे घ्यायला हात नाही. त्याने साडेसातशेच्या नोटा खोक्यावर ठेवल्या, वरची सहा नाणी हातात खुळखुळवली आणि सहज खाली वाकून ढिगातला एक चौकोन उचलला. सहा इंची, माझ्या शेवटच्या जपानी गठ्ठ्यातला. नाणी मधोमध. मग काहीतरी झालं, आणि खोक्यावर पुडी होती. तोंडं आत, काठाला काठ.

"थांबा," मी म्हटलं. "हे कुठे शिकलात?"

"लहानपणी किराणा दुकानात होतो ना, बाई."

"परत करून दाखवता? सावकाश?"

त्याने दुसरा चौकोन घेतला, दुमडायला लागला आणि मध्येच अडला. बोटं हवेत. स्वतःशीच हसला. "सावकाश नाय येत," म्हणाला. "सावकाश केलं की विसरायला होतं."

मग त्याने भरभर एक केली, रिकामी. आणखी एक. मी खोकं खाली ठेवून उकिडवी बसले होते. तिसऱ्या खेपेला मला अंगठा दिसला. चौथ्या खेपेला परत हरवला. पाचव्यासाठी मी कागद पुढे केला तेव्हा खाली त्याचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि हे दारात उभे राहून म्हणत होते, "अगं, त्यांना जाऊ दे."