तीळ वर्ज्य

हिरड्यांच्या उपचारासाठी 12 जानेवारी ही तारीख मागून घेणारा माणूस एकतर परग्रहावरचा असावा, नाहीतर बँकेतून निवृत्त झालेला. कोथरूडमधल्या एका 22 फ्लॅटांच्या सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या प्रकारातले. नोकरीची 36 वर्षं त्यांनी कॅलेंडर पाहिलं ते सुट्ट्यांसाठी, आणि संक्रांतीला महाराष्ट्रात बँका चालू असतात. त्यामुळे हा सण त्यांच्या डोक्यात लाल अक्षरात नव्हताच. दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद घरी आल्यावर बायकोने मोठ्याने वाचला. पॉपकॉर्न, चिप्स, शेंगदाणे, बारीक बिया बंद. हे सगळं छापील होतं. खाली डॉक्टरबाईंनी पेनाने एक शब्द वाढवून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या : तीळ.

"अहो, परवा संक्रांत आहे," बायको म्हणाली. सेक्रेटरींचा अर्धा चेहरा बधिर होता, त्यामुळे त्यांना चटकन काही बोलता आलं नाही. संसारात असे क्षण विरळा.

दुखणं तसं जुनं. ब्रश करताना रक्त यायचं, तर त्यांनी ब्रश बदलला. तरी यायचं, तेव्हा त्यांनी बेसिनमध्ये बघणं सोडलं. हिरड्यांच्या आजाराची हीच लबाडी असते, तो दुखत नाही. दाढ ठणकली तर माणूस रात्री दोन वाजता लवंग शोधतो. हिरडी मात्र वर्षानुवर्षं गुपचूप मागे सरकत राहते. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीला डॉक्टर पॉकेट म्हणतात. ती एक ते तीन मिलिमीटर खोल असेल तर ठीक. त्यापुढे खिसा खोल होत जातो, ब्रश तिथे पोहोचत नाही आणि जंतू मात्र कुटुंबकबिल्यासह राहायला येतात. मोजणी एकेका दाताभोवती सहा ठिकाणी होते. सेक्रेटरींचे दात 28, म्हणजे 168 आकडे. डॉक्टरबाई बारीक सळई आत घालून आकडा पुकारत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. "तीन, दोन, चार. पाच, सहा, सात." गणेशोत्सवातल्या हाऊजीला त्यांचा आकडा कधी लागत नसे. इथे एकामागून एक लागत होते.

उपचार आधी उजव्या बाजूवर करायचा ठरला. भुलीचं इंजेक्शन झालं, डोळ्यांवर हिरवट चष्मा चढला आणि केसासारखी बारीक तार हिरडीत शिरली. तारेच्या टोकाला लाल ठिपका दिसत होता. हाच तो लेझर, असं समजून सेक्रेटरींनी मुठी आवळल्या. तो नुसता वाट दाखवणारा दिवा निघाला. खरा किरण 1064 नॅनोमीटरचा, अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. खिशाच्या आतलं सडलेलं अस्तर तो काढतो आणि गडद रंगाचे जंतू त्याला जास्त चटकन बळी पडतात. मग दाताच्या मुळावरचा दगडासारखा थर खरवडायचा, पुन्हा एकदा लेझर फिरवून आतलं रक्त गोठवायचं आणि खिशाचं तोंड त्या गुठळीनेच बंद करायचं. टाका नाही, चिरफाड नाही. तासाभरात माणूस घरी.

खरं काम तिथून पुढे घरच्यांवर पडतं, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

पहिल्या दिवशी गालावर बर्फ ठेवायचा होता. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. पुण्यात जानेवारीतली संध्याकाळ. सेक्रेटरींनी कानटोपी घातली आणि उजव्या गालाशी, टोपीच्या आत, पंचात गुंडाळलेली बर्फाची पिशवी खोचली. डाव्या कानाला ऊब आणि उजव्या कानाला हिमालय अशा अवस्थेत ते मोबाइलवर लेझरचा इतिहास वाचत बसले. 1960 साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर पेटवला. पाचच वर्षांनी लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी तो जिवंत माणसाच्या दातावर सोडला. दात त्यांच्या सख्ख्या भावाचा होता आणि भाऊ स्वतः दंतवैद्य. भावाला दुखलं नाही म्हणे. हे वाचून सेक्रेटरींना त्यांचा नागपूरचा धाकटा भाऊ आठवला आणि थोडा वेळ बरं वाटलं.

पण त्यांना खरं स्फुरण चढलं ते पुढे. कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे सी. कुमार पटेल जन्मले 1938 साली बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्यात! पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये 1964 साली त्यांनी तो शोध लावला आणि त्यांच्या लेझरने जगभर मऊ ऊतींच्या शस्त्रक्रिया होतात, हिरड्यांच्यासुद्धा. सेक्रेटरींनी बोलायची बंदी मोडून स्वयंपाकघरात वर्दी दिली, "बारामतीचा आहे!" बायकोला वाटलं, कोणी पाहुणा आलाय. त्यांच्या हिरडीत गेलेला एनडी-याग लेझर मात्र निराळा होता. तोही त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच वर्षी जन्मला, म्हणजे पटेलांच्या लेझरचा चुलतभाऊच. हा तपशील त्यांनी सोयीस्करपणे गाळला.

दुसऱ्या दिवशी भोगी. घरात वांगी, गाजर, पावटे, ओला हरभरा यांच्या मिसळीच्या भाजीचा वास आणि तव्यावर तीळ थापलेली बाजरीची भाकरी. सेक्रेटरींसमोर वाटीत कोमट पेज. "डाव्या बाजूने चावलं तर?" त्यांनी दवाखान्यात फोन करून विचारलं. "तीळ बाजू बघून जात नाहीत," असं उत्तर आलं. स्ट्रॉने ताक प्यायची युक्तीही फसली, कारण चोखलं की तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी उपटून येऊ शकते. शेवटी बायकोने माळ्यावरून पुरणयंत्र काढलं. होळीपर्यंत ज्याला कोणी विचारत नाही, त्यातून मुगाची खिचडी काढण्यात आली. पुरणयंत्रातून आलेली खिचडी दिसायला फारशी बरी नसते. पण तूप घातल्यावर कशालाही रूप येतं.

या गुठळीचं इतकं कौतुक का, हे समजून घेण्यासारखं आहे. जखम भरताना वरची त्वचा धावत येते. दाताला हाडाशी बांधणारे धागे मागून चालत येतात आणि हाड सर्वांत शेवटी, महिन्यांच्या हिशोबाने. त्वचेने आधी खिशात उतरून मुळावर बस्तान बसवलं, तर उरलेल्यांना जागाच राहत नाही. गुठळी म्हणजे दारात आडवा झोपलेला रखवालदार. तो आहे तोवर आतली मंडळी आपल्या गतीने काम करतात. म्हणून त्या बाजूला आठवडाभर ब्रश नाही, जोराने चूळ नाही, आणि कितीतरी महिने डॉक्टरांनीही तिथे सळई घालायची नाही.

हे सगळ्यांना पटतं. पटत नाही ते जिभेला. सेक्रेटरी बातम्या बघायचे आणि जीभ गुपचूप उजवीकडे जायची. झोपेतही जायची. 36 वर्षं ज्यांनी कॅशिअरांवर नजर ठेवली, त्यांना स्वतःची जीभ आवरेना. चौथ्या दिवशी आरशात हिरडीच्या काठावर पांढरट, चिकट पापुद्रा दिसला आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ते पू वगैरे काही नव्हतं, भरणाऱ्या जखमेचा नेहमीचा पापुद्रा होता. हे कागदावर पाचव्या ओळीत लिहिलेलं होतं. पण ज्यांच्या सहीने नोटिसा निघतात, ते दुसऱ्यांच्या नोटिसा वाचत नाहीत.

मग मिठाचं प्रकरण झालं. ब्रशच्या जागी 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनचं औषध, दिवसातून दोनदा, 10 मिलिलिटर, मिनिटभर तोंडात धरायचं आणि थुंकायचं नाही, मान वाकवून बेसिनमध्ये ओघळू द्यायचं. औषध गुणी आहे, पण त्याच्या दोन खोडी. चहा पिणाऱ्यांच्या दातांवर ते तपकिरी डाग पाडतं आणि काही काळ जिभेची चव बिघडवतं, त्यातही खारट चव. सेक्रेटरींना दुसरी खोड माहीत नव्हती. "आज मीठ विसरलीस," ते म्हणाले. बायकोने चिमूट वाढवली. "अजून नाही लागत." अजून चिमूट. तिसऱ्या दिवशी त्याच वरणाचा घास मुलीने घेतला आणि न बोलता तांब्याभर पाणी प्यायली. त्या दिवसापासून सेक्रेटरींचा मिठाबाबतचा मताधिकार स्थगित झाला. तो परत मिळाल्याचं अजून ऐकिवात नाही.

संक्रांतीच्या दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली. पुण्यात आजारपणालाही पाटी लागते. "बोलणे मना आहे. तिळगूळ टेबलावर ठेवावा. पार्किंगच्या तक्रारी 22 तारखेनंतर." हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ती वाचली, तिळगूळ ठेवला आणि प्रत्येकीने एकेक इलाज सांगितला. हळद-मीठ चोळा. तुरटीच्या गुळण्या करा. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आमच्या वेळी मशेरी लावली की दात शंभर वर्षं टिकायचे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू आणि तंबाखू हा हिरड्यांचा पहिला वैरी. हे सांगण्यासाठी सेक्रेटरींनी तोंड उघडलं, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "बोलू नका हो, फक्त गोड बोलायचं असतं आज." आजींच्या तोंडात तेव्हा कवळी होती.

रविवारी सोसायटीची मीटिंग सेक्रेटरींच्या भाषणाशिवाय झाली आणि 20 मिनिटांत संपली. याविषयी घरात कोणी काही बोललं नाही.

21 तारखेला तपासणीला गेले तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवरच स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू होते. रिसेप्शनवरच्या मुलीने उठून एक त्यांच्या हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला, काका." नाही कसं म्हणणार? त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला आणि खुर्चीवर आडवे झाले. डॉक्टरबाईंनी हिरडी पाहिली, खूश झाल्या. आता मऊ पोळी चालेल म्हणाल्या, तीळ अजून काही आठवडे नकोत, आणि डाव्या बाजूची तारीख बाहेर घ्या. मग त्यांची नजर खिशाच्या फुगीर भागावर गेली. "वरच्या खिशात आहे तोवर माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या.

लाडू खिशातच राहिला. शर्ट धुवायला गेला, सुकला, इस्त्रीला गेला. इस्त्रीवाल्याकडून आल्यावर बायकोने खिसा उलटा केला, तर तळाच्या शिवणीत पाच तीळ घट्ट बसलेले. तिने नखाने टोकरून पाहिलं, मग सुईने. दोन निघाले.

"डाव्या बाजूला होळीनंतरची तारीख घ्या," ती सुई ठेवत म्हणाली, "तेव्हा पुरणयंत्र खालीच असतं."