नखे आणि न्यूट्रिनो : एक अल्पप्रबंध

रात्री नखे कापू नयेत असे आजी सांगते. का, ते सांगत नाही. प्रस्तुत प्रबंधात या निषेधाचा विचार केवळ न्यूट्रिनोंच्या अंगाने केला आहे. इतर अंगांना आजी समर्थ आहे.

लक्षण : विद्युतभार शून्य, स्पिन अर्धा आणि वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या 5 लाखाव्या भागाहूनही कमी असा मूलकण तो न्यूट्रिनो. बीटा-क्षयात ऊर्जेचा हिशेब जुळेना, म्हणून पाउली यांनी 1930 साली तो कागदावर मांडला. प्रत्यक्ष सापडला 1956 साली. उधारी फिटायला 26 वर्षे लागली.

परिमाण : सूर्याकडून दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला सुमारे 6,500 कोटी न्यूट्रिनो येतात. अंगठ्याचे नख साधारण तेवढेच भरते.

पूर्वपक्ष : रात्री सूर्य नसतो, सबब नखाला न्यूट्रिनोंचा उपसर्ग नाही. कापायला तीच वेळ निर्वेध.

उत्तरपक्ष : हे टिकत नाही. दुर्बल बल आणि गुरुत्वाकर्षण सोडल्यास न्यूट्रिनो कोणालाच दाद देत नाही. प्रकाशवर्षभर जाडीची शिशाची भिंत घातली तरी सुमारे निम्मे पार होतील. तिथे पृथ्वीची काय कथा? दिवसा ते छपरातून येतात, रात्री फरशीतून.

शंका : कापलेल्या तुकड्याचे काय? तो चौरस सेंटिमीटरचा दहावा हिस्सा धरल्यास सेकंदाला 650 कोटी न्यूट्रिनो मालकाच्या खात्यातून वजा होऊन केराच्या खात्यात जमा होतात. एकूण बेरीज तीच, मात्र तुकडा त्याच कोनात पडला पाहिजे.

जातिविचार : इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ अशा 3 जाती. सूर्यात सगळे इलेक्ट्रॉन जातीचे जन्मतात. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेत सोन्याच्या खाणीत ड्रायक्लीनिंगच्या रसायनाची टाकी ठेवून ते मोजले, तर अपेक्षेचा तिसरा हिस्साच हाती लागला. बाकीच्यांनी वाटेत जात बदलली होती. ‘जात नाही ती जात’ ही व्याख्या इथे बाद ठरते. ती बाद ठरवणाऱ्यांना 2015 साली नोबेल मिळाले.

देशी पुरावा : कोलारच्या सोन्याच्या खाणीत, 2 किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह 1965 साली वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. तिथे दिवसही रात्रच. अशा ठिकाणी नखे कधी कापावीत, यावर आजीचे मत उपलब्ध नाही.

सिद्धान्त : न्यूट्रिनोंची काही हरकत नाही. नखे केव्हाही कापावीत, तुकडे मात्र उचलावेत. न्यूट्रिनो त्यांतून आरपार जातो. पाय जात नाही.