ग्रॉस, टेअर आणि नात

(रंगमंचावर टेबल. टेबलावर उघडी सुटकेस, भोवती डबे, बाटल्या, पुड्या. साठी ओलांडलेला माणूस, कानावर पेन, हातात कार्बन घातलेलं जुनं पावतीबुक.)

बसा, बसा. फक्त सामानाले हात नका लावू, मोजून ठेवलं आहे.

उभी नोकरी हिंगणा एमआयडीसीत काढली. स्टोअरात. माल आला की नोंद, गेला की स्लिप. मालकाचा सख्खा भाऊ वॉशर मांगायला आला, तरी म्हटलं, साहेब, स्लिप? आता रिटायर झालो तं घरचे म्हणतात, स्वस्थ बसा. बाप्पा, स्टोअरकीपर कंपनीत स्वस्थ बसला का बोल्ट सापडत नाही, घरात बसला का चष्मा सापडत नाही!

पोरगा दुबईले आहे. सूनबाई आन् दोन पोट्टे त्याच्याकडे जाऊन राहिले, संगं आम्ही दोघं. मोठा चार वर्षांचा, त्याले सगळंच दुखते. लहानी दीड वर्षाची, तिले दुखते कुठं ते सांगता येत नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, पोरांच्या औषधाची बॅग तुमच्याकडे." मी म्हटलं, पोरी, इंडेंट दे!

सूनबाईच्या आधी हिनंच देल्लं. तोंडी. (बायकोचा आवाज) "ओवा घ्या, हिंग घ्या, वेखंड, जायफळ, मायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, सहाण घ्या..." मी म्हटलं, सहाण? दगड? विमानात दगड नेतो म्हणतेस? "मंग बाळघुटी उगाळू कशावर, तुमच्या डोक्यावर?"

तं सूनबाई आम्हाले डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. बाई हुशार. पहिले कार्ड मांगतलं, लसीचं. आता आमच्या घरचं कार्ड म्हणजे... (दोन बोटांत धरून दाखवतो) इथं हळद, इथं चहा, इथं मोठ्यानं काढलेला हत्ती. हत्तीच्या पोटात गोवराची तारीख! बाई म्हणाल्या, "लहानीचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला, दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो, तो जायच्या आधी देऊन टाकू." मले आवडलं. डिस्पॅचच्या आधी पेंडिंग क्लिअर. म्हणाल्या, "बरं झालं महिनाभर आधी आले. लोक तिकिटाच्या आदल्या दिवशी येतात." आन् देश बदलला की इंडेंट बदलते बरं का! केनियाले जायचं असतं तं पीतज्वराची लस, तेही निदान 10 दिवस आधी. नाही तं परतताना आपल्याच विमानतळावर आपल्याले अडकवून ठेवतात. ही लगेच मले म्हणे, "तुम्ही केनियाले जा."

मंग बाई म्हणाल्या, "घरून निघताना वजन करून घ्या. तापाचं औषध वयावर नाही, वजनावर द्यायचं."

आन् घरी महाभारत! "लेकराचं वजन सांगत नसतात. दृष्ट लागते!" लहानीले काट्यावर ठेवली की ही उचलते. ठेवली की उचलते. मी म्हटलं, ठीक. तुले माह्यं वजन चालते? "तुमचं करा खुशाल, तुम्हाले कोण दृष्ट लावते?" झालं! मी नातीले कडेवर घेतलं, काट्यावर चढलो. ग्रॉस वेट, 78. नात सूनबाईकडे दिली, एकटा चढलो. टेअर वेट, 68. एमआयडीसीत धर्मकाट्यावर ट्रक काय वेगळा तोलतात? नेट, 10 किलो! ही बाजूले उभी, तिले पत्ताच नाही. (कुजबुजत) पण संध्याकाळी तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. माह्यावरून.

(टेबलावरच्या तीन बाटल्या पुढे ओढतो.)

आता हे पाहा. पॅरासिटामॉल. तिन्ही गुलाबी, तिन्ही गोड, तिन्हीवर हसरं पोट्टं. एक घरातली, एक व्याह्यांनी देल्ली, एक मेडिकलवाल्यानं. चष्मा लावा आन् बारीक अक्षर वाचा. हिच्यात 5 मिलीत 125 मिलिग्रॅम. हिच्यात 5 मिलीत 250. आन् हे थेंब, एवढीशी बाटली, हिच्यात 1 मिलीतच 100! नाव एक, माल तीन ग्रेडचा. बाईनं कागदावर लिहून देल्लं, किलोमागं 15 मिलिग्रॅम. म्हणजे आमच्या 10 किलोले 150. या बाटलीतून 6 मिली, हिच्यातून 3, आन् थेंबाच्या बाटलीतून दीड. रात्री दोन वाजता, परक्या देशात, पोट्टं रडून राहिलं, आज्जी म्हणून राहिली "चमचाभर द्या हो!" कोणता चमचा? कोणत्या बाटलीतला? थेंबाच्या बाटलीतून चमचाभर म्हणजे 500! मी दोन बाटल्या स्क्रॅप केल्या. एक ठेवली, तिच्या संगं तिचीच सिरिंज रबरानं बांधली, वर कंपनीच्या नावासोबत आतल्या औषधाचं नाव लिहिलं. कारण बॅग हरवली आन् तिकडे दुकानात आपल्या कंपनीचं नाव सांगतलं, तं दुकानदार आपल्याकडे पाहीन, आपण त्याच्याकडे. अमेरिकेत तं पॅरासिटामॉलचंच नाव असिटामिनोफेन आहे म्हणे. जोशीबुवांनी आडनाव बदलावं तसं.

(एक बाटली उचलतो. थांबतो.)

ही खोकल्याची. ही नाही नेत. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं अशाच एका औषधानं गेली. छिंदवाडा काय लांब आहे? सावनेर, सौंसर, की आलंच. कितीक लेकरं उपचाराले इथंच, नागपुरात आणली होती. त्यानंतर दिल्लीहून पत्रक निघालं, दोन वर्षांच्या आतल्या पोरांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका म्हणून. (बाटली टेबलाखाली ठेवतो.) हिले म्हटलं, नेत नाही. ही एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा.

ओआरएस घेतलं. आख्खी पुडी, 1 लिटर पाण्यात. ही म्हणे पेल्यात चिमूट टाकू. मी म्हटलं, तू वरणात मीठ टाक अंदाजानं, इथं पुडीवर लिहिलं ते. पाऱ्याचा थर्मामीटर होता, पोरग्याच्या बारशातला. तो हातातल्या बॅगेत चालत नाही, डिजिटल आणला. विमा पोरग्यानं काढला, कागद सतरा पानी. मी फोन नंबर तेवढा वहीत उतरवला.

आता मुख्य घटना. हिची बॅग उघडली. खाऊ! चिवडा, शंकरपाळे, अनारसे, आन् घरचा सावजी मसाला. सूनबाई मोबाईल पाहून किंचाळली, "आई! खसखस!"

मंडळी, खसखस दुबईत बंद आहे. अफूच्या बोंडातली म्हणून. लोक अडकले आहेत तिथं. आन् आमच्या अनारशावर काय? खसखस. सावजीत काय? खसखस! (बायकोचा आवाज, कापरा) "एवढी वर्षं तुमच्या घरात रांधलं. शेवटी मले अफूवाली ठरवलं?" मी म्हटलं, अवो, तुले नाही, अनारशाले. कोडीनचं औषध असलं तरी तिथं आधी परवानगी लागते, तुह्या अनारशाची चिठ्ठी कोणता डॉक्टर देईन?

रडली. मंग म्हणे, "माह्या मालाची पावती द्या." देल्ली! (पावती फाडतो, वाचतो) सावजी मसाला, डबा 1. अनारसे, नग 40. कारण, निर्यातबंदी. सही. तिनं पावती वाचली, घडी केली, ब्लाउजमध्ये खोसली. तासाभरानं येऊन म्हणे, "पावतीवर 40 नग आहेत. डब्यात 37 काहून?"

(खिशातून हळूच अनारसा काढतो. प्रेक्षकांकडे पाहत चावा घेतो.)

स्क्रॅप केले.

(अंधार.)