चालता बांध

चोपड्याच्या आमच्या घराच्या माळ्यावर एक पितळी हंडा आहे, आणि तो आमचा नाही. काठावर कोरलेलं नाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने इतकं झिजलंय की शेवटचं 'बाई' तेवढं उरलंय. आता गल्लीत बाई नाही असं घर कोणतं? भालचंद्र नेमाडे शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. २०१० साली त्यांची 'हिंदू' ही कादंबरी आली, तेव्हा 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे शब्द वाचून मी आधी माळ्याकडेच पाहिलं. त्यातला खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून खानदेशातल्या आपल्या गावी परततो, आणि लग्नघराच्या दारातल्या चपलांसारखी शतकं एकमेकांत मिसळून जातात. मला वाटलं, एवढ्या लांब जाऊन खणायचं कशाला? आमच्याकडे शिडी लावली की झालं.

हंड्याची हकिकत आजीची. वरण-बट्टीच्या पंगतीसाठी शेजारच्या घरून आणलेला हंडा परत जायच्या आतच त्या घरच्यांनी केळीच्या मळ्याचा बांध आमच्या बाजूला हातभर सरकवला, म्हणून हंडा अडकवून ठेवला. "पहिले बांध येऊ दे, मंग हंडा जाई," हा तिचा निकाल. पण दर उन्हाळ्यात अंगणात खाटा पडल्या की तो बांध आणखी थोडा चालायचा. माझ्या लहानपणी हातभर होता. आजी थकली तोवर अर्धा मळा पलीकडे गेला होता. सातबाऱ्यावर गुंठाभरही फरक नाही. तरी तिला खोटं कुणी पाडलं नाही. अडावदजवळच्या उनपदेवचं गरम पाणी रामाच्या बाणाने फुटलं असं सांगणाऱ्या मुलखात बांधाने का चालू नये?

खाटेवरून उत्तरेला सातपुडा दिसायचा. त्याच डोंगरात १८५८ साली आंबापाणीला खाज्या नाईकाचे भिल्ल इंग्रजांशी लढले. त्यांचं जे सरकलं ते हातभर नव्हतं, आणि अडकवून ठेवायला त्यांच्याकडे कुणाचा हंडाही नव्हता.

ते शेजारी पुढे सुरतेला गेले. परवा त्यांच्यातली म्हातारी लग्नाला आली, तेव्हा मी हंडा उतरवून, चिंचेने लख्ख घासून तिच्यापुढे ठेवला. तिने काठावरून सावकाश बोट फिरवलं, 'बाई'पाशी जरा थांबली, आणि मान हलवली. हा त्यांचा नव्हे. त्यांचा मोठा होता. केवढा, ते दाखवायला तिने थरथरते दोन्ही हात पसरले. त्यात आजीचा अर्धा मळा सहज मावला असता.